वाणातले निळे कॅन

४ जानेवारी १९९७, शनिवार

फॅक्टरीत दिवसभर धुलाई. महिनाअखेर परदेशी पार्टी बघायला येणार, म्हणून चोप्रासाहेबांना एकाएकी स्वच्छतेचा झटका आलाय. कीटकनाशकाचे रिकामे कॅन आणि ड्रम शेडमागे ढीग लावून पडले होते, तेव्हा साहेबांचं नाक फरीदाबादला नव्हतं वाटतं. आता रोज तेच. आधी सॉल्व्हंट, मग गरम कॉस्टिक सोडा, मग पाणी, आणि शेवटचं विसळण बाटलीत भरून लॅबमध्ये माझ्या टेबलावर. पास झालं की कॅनला माझ्या सहीची पट्टी, आणि परत त्याच औषधासाठी. दुसऱ्या कशालाही नाही. नापास असेल त्याच्या बुडाला तापल्या सळईने भोक, कारण भंगारात गेलेल्या कॅनमध्ये लोक पाणी भरतात. स्टोअरच्या यादवला हे इतक्यांदा सांगितलंय की माझं वाक्य तोच पूर्ण करतो.

आज एक जण ड्रममध्ये डोकं घालून वास घेत होता. "मैडम, बास नहीं है." म्हटलं, नाक मेलं की नाहीच येत. हसला. सोमवारी परत घालेल.

घरी आले तर निर्मला आणि सासूबाई हळदीकुंकवाचं ठरवत होत्या. मला बघून गप्प. दिल्लीतल्या मयूर विहारच्या या नव्या मराठी सोसायटीत नि.चं पहिलंच ह.कुं. मोठ्या जावेला काय विचारायचं? तिचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली, आता तिचा हळदीशी संबंध भाजीपुरता.

७ जाने., मंगळ.

पाणी नाही. स्वयंपाकघरात इटालियन टाइल्स आणि पाणी टँकरचं, अशी आमची नवी सोसायटी. थंडीत शाली गुंडाळून सगळ्या बायका बादल्या घेऊन उभ्या. करंदीकरबाई, म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्ष, स्वतः भरत नाहीत, दुसऱ्यांना कसं भरायचं ते सांगतात.

नि.ला वाणाची काळजी. गेल्या वर्षी करंदीकरबाईंनी स्टीलचे डबे लुटले, त्याचं कौतुक अजून चालू आहे. त्यापेक्षा कमी दिलं तर मंडळात कोण विचारणार. भिंतीपलीकडून विनयचा आवाज आला, "टेन्शन मत ले यार, मी बघतो काहीतरी." माझा दीर. मंत्रालयात बसतो. काहीतरी बघण्यात त्याचा हातखंडा आहे.

१८ जाने., शनि.

आज ह.कुं. आई सकाळीच म्हणाल्या, "शालिनी, आर. के. पुरमला मावशींकडे जाऊन ये की. किती दिवस गेली नाहीस." सासूबाई कधी जा म्हणत नाहीत, जाऊन ये की म्हणतात. रजा टाकली, गेले. मावशींनी पोहे केले आणि का आलीस ते विचारलं नाही. त्यांच्याकडेही कॅलेंडर आहे.

परतले तर जिन्यात गजऱ्यांचा वास. मिनू धावत आली. नि.ची मुलगी, पहिलीत आहे, या घरात माझ्याशी सरळ बोलणारी एकटी. "मोठी काकू, इतका मजा आला! सगळ्या आंटी लोक एकदम खुश!" आईंनी माझ्यासाठी तिळगूळ झाकून ठेवला होता, उष्ट्यासारखा ओट्याच्या कडेला. खाल्ला. चांगला झाला होता.

वाण काय लुटलं ते मी विचारलं नाही. नि.चा चेहरा मात्र निवडणूक जिंकल्याचा.

२२ जाने., बुध.

सकाळी टँकरपाशी सोनावणेबाई माझ्या पुढे. नगरकडच्या ख्रिश्चन, दुसऱ्या मजल्यावर राहतात. हातात वीस लिटरचा निळा कॅन, काळं झाकण, खांद्यावर पट्टी खरवडून काढल्याची खूण. आपलं कार्टं पाठमोरं ओळखावं तसा ओळखला.

"कुठून घेतलात?"

"अहो, तुमच्याच निर्मलाने दिला की वाणात. मला कुंकू नाही लावलं, पण कॅन दिला. कामाची वस्तू."

मान वर केली तर रांगभर निळे कॅन. करंदीकरबाईंच्या मोलकरणीच्या हातातसुद्धा.

वर धावले. स्वयंपाकघरात दाराआड आमचे दोन. एकेकावर कुंकवाचं स्वस्तिक, आत वाळ्याची पुरचुंडी. नि. म्हणाली, नव्या प्लास्टिकचा वास येत होता ना, म्हणून वाळा टाकला. तेवढ्यात खाली फॅक्टरीच्या व्हॅनचा हॉर्न वाजायला लागला. वाळ्याचं पाणी घटाघटा पिऊन मिनू शाळेत गेली.

पेला तिच्या हातातून काढून घ्यायचं मला व्हॅनमध्ये बसल्यावर सुचलं. कोणते कॅन आले, पास की नापास, हे यादवकडून कळल्याशिवाय घरी काय सांगणार?

२३ जाने.

काल यादव रजेवर, आज धरला. साधा माणूस. म्हणाला, "आपके देवर आए थे टेम्पो लेकर. बोले, मैडम ने मंगवाए हैं, घर में पूजा है." पूजेला नाही कोण म्हणणार? त्याने नापास ढिगाला हातसुद्धा लावला नाही. वेचून वेचून पास झालेले दिले, माझी पट्टी असलेले. मॅडम खूश होतील म्हणून.

माझ्या पट्टीचा अर्थ एवढाच, की हा कॅन परत विष भरायला लायक आहे. वरचं धुतलं जातं. प्लास्टिकच्या अंगात मुरलेलं धुतलं जात नाही, ते हळूहळू सुटत राहतं, जे आत भराल त्यात. औषधात सुटलं तर काय बिघडलं. इथे पाण्यात सुटतंय, आणि ते पाणी मिनू पितेय.

चोप्रासाहेबांना सांगितलं. त्यांनी चहा मागवला. "शालिनीजी, पट्टी आपकी, देवर आपका, घर आपका. कंपनी बीच में कहाँ है?" मग फार गोड आवाजात म्हणाले, पार्टी येऊन जाईपर्यंत कॉलनीत कंपनीचं किंवा औषधाचं नाव निघालं तर दुसऱ्या दिवशी व्हॅन तुमच्यासाठी थांबणार नाही.

ही नोकरी गेली तर त्या घरात मी नुसती विधवा उरेन. आत्ता निदान पगारी विधवा आहे.

२४ जाने., शुक्र.

जेवताना सांगितलं. कॅन परत घ्यायला हवेत, सगळे.

आधी विनय हसला. "वहिनी, धुतलेला माल आहे. तुमचीच पट्टी होती." मी मुरण्याचं सांगितलं. त्याला कळलं असावं, कारण त्याने हसणं थांबवून भात कालवायला घेतला. नि. म्हणाली तिने एकेक कॅन चिंच लावून घासलाय, वर उकळतं पाणी ओतलंय, हात सोलवटले तिचे. खरं आहे ते, हात मी पाहिलेत. चिंचेने तांबं उजळतं, प्लास्टिकचं पोट नाही उजळत. असंच बोलले मी, आणि बोलताना मला बरं वाटलं.

नि. रडायला लागली. आईंनी ताट बाजूला सारलं.

"दिलेलं वाण कोणी परत घेतं का? आणि ते मागायला जाणार कोण, तू?"

आमच्या घरातले दोन तरी आज टाका म्हटलं. नि.ने डोळे पुसले, उठली, कॅनमधून पेला भरला आणि माझ्यासमोर सगळा प्यायली. विनय बघत राहिला. मीही बघत राहिले. मूर्ख बाई.

२६ जाने., रवि.

टीव्हीवर परेड संपली आणि मी निघाले. जिना जिना.

दार उघडायचं, मला बघायचं, आणि जाळीचं दार लावूनच बोलायचं. मी सांगायची, कॅन पाण्यासाठी नाहीत, धुतले तरी चालत नाहीत, टाका. काय होतं त्यात, असं विचारलं की माझी जीभ अडायची. "फॅक्टरीतलं केमिकल." "कसलं केमिकल?" तिथे चोप्रासाहेब आठवायचे. एवढं गुळमुळीत बोलल्यावर कोण ऐकणार? एकीने सांगितलं, आमच्याकडे डाळसुद्धा छान शिजते या पाण्यात. दुसरी म्हणाली, आठवडाभर पितोय, कोण मेलं? करंदीकरबाईंनी जाळीआडून समजूत घातली. "शालिनीताई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण निर्मलाचं कौतुक झालं तर त्यात असं मन छोटं करू नये."

म्हणजे मी जळते. तेही खोटं नाही. पण त्याचा कॅनशी काय संबंध?

एकट्या सोनावणेबाईंनी दार पूर्ण उघडलं. विचारलं, काय होतं यात? त्यांना सांगितलं, नावासकट. त्यांनी लगेच कॅन मोरीत पालथा केला आणि माझ्या हातात दिला. चिमटा गॅसवर लाल करून त्याच्या बुडाला मी भोक पाडलं. एवढा एकच.

३० जाने., गुरु.

मिनूला रात्रीपासून उलट्या. डॉक्टर म्हणाले हवा बदलली, व्हायरल आहे, आजकाल सगळ्यांना होतंय. असेलही व्हायरल. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणूनच माझा जीव जातोय. काल संध्याकाळी तिने विचारलं होतं, "काकू, पाणीमध्ये रॉकेल टाकतात का?" मी तिची बाटली सिंकमध्ये ओतली आणि दुकानातून आणलेलं पाणी भरलं. नि.ने बघितलं. बाटली हिसकावली, ते पाणीही ओतलं.

"माझ्या मुलीच्या वस्तूंना हात लावायचा नाही. तुमची सावली नको तिच्यावर."

विनय दारात उभा होता. म्हणाला, "छोड़ो ना, दोघी पण." या घराण्यातले पुरुष भांडणात नेहमी दारात उभे असतात, आमचे हेही तसेच होते.

दोन दिवस लपूनछपून कॅन रिकामे करतेय. नि. पुन्हा भरते. तिलाही आता वास येतो, मला खात्री आहे. पण मंडळाच्या बायका भरतायत तोवर ती मागे हटणार नाही, आणि ती भरते तोवर त्या. एकमेकींच्या तोंडाकडे बघत पितात सगळ्या.

२ फेब्रु., रवि.

आज केलं.

विचार काल व्हॅनमध्ये सुचला. माझं रसायनशास्त्र या सोसायटीत कोणाला नको आहे. एम.एस्सी. आहे, पंधरा वर्षं नोकरी आहे, त्याला इथे कोणी विचारत नाही. पण माझी दुसरी एक गोष्ट आहे जिच्यावर सगळ्यांचा पक्का विश्वास आहे. मग तीच वापरायची.

सकाळी दुधाच्या बूथवर करंदीकरबाई एकट्या होत्या. मी जवळ गेले, डोळ्याला पदर लावला. म्हटलं, त्या दिवशी खरं सांगायला धीर झाला नाही. ते कॅन केमिकलचे नव्हेत. हे गेले तेव्हा फॅक्टरीनेच पाण्याला कॅन पाठवले होते. घाटावर तेच नेले, यांना आंघोळ त्याच पाण्याने घातली, तेराव्यापर्यंत घरात तेच होते. मग परत गेले, आणि आता विनयने नेमके तेच उचलून आणले. त्याला काय माहीत.

त्यांच्या हातातली दुधाची पिशवी खाली पडली. फुटली नाही.

"निर्मलाला माहीत आहे?"

"तिला नका सांगू. कोणालाच सांगू नका."

"छे छे, मी कशाला सांगतेय कोणाला."

हसू आवरत जिना चढले. यांना विकलं मी आज, दुधाच्या बूथवर. यांनी काही म्हटलं नसतं. यांनी कधी काहीच म्हटलं नाही.

३ फेब्रु., सोम.

संध्याकाळी व्हॅनमधून उतरले तर सोसायटीच्या कचराकुंडीपाशी निळा डोंगर. सगळे होते बहुतेक. कोणी स्वस्तिकं ओल्या फडक्याने पुसून टाकली होती, कोणी कॅनवर तुळशीचं पान ठेवलं होतं. करंदीकरबाईंच्या गॅलरीत सगळे पडदे धुऊन वाळत घातलेले. आमचे दोनही त्याच ढिगात होते, आईंनी स्वतः टाकले म्हणे, काठीने ढकलत.

मला आनंद झाला. लिहून ठेवते, कारण इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. विष म्हटलं तर हलल्या नाहीत, मेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर पाच मिनिटांत कॅन घराबाहेर. उद्या महानगरपालिकेची गाडी नेईल, संपलं.

वर शांतता. नि. खोलीत. मंडळातून निरोप आलाय, यापुढे तिने येऊ नये. मरणाचं वाण लुटणारी बाई, असं नाव पडलंय तिचं. ते आता या सोसायटीत तरी जाणार नाही. आई माझी वाट बघत बसल्या होत्या.

"जिवंतपणी त्याला खाल्लंस. आता मेलेल्यालाही चघळलंस."

मी म्हटलं, मिनूला उलटी झाली का आज? त्या म्हणाल्या, नाही. मग ठीक आहे म्हटलं, आणि ताट वाढून घेतलं.

४ फेब्रु., मंगळ.

सोनावणेबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुम्ही मला एक सांगितलं आणि त्यांना एक. कोणतं खरं? म्हटलं, तुम्हाला सांगितलं ते. त्या म्हणाल्या, "मग त्यांनाही तेच सांगायचं होतं. निर्मला पोर आहे हो अजून." माझ्या बाजूच्या म्हणून मी त्यांना धरलं होतं. त्यांचंही बघणं बदललं.

नि. आज जेवली नाही. तिच्या हातांना मलम लावायचं राहिलंय, सालं निघतायत. मी लावणार नाही. ती लावूनही घेणार नाही.

६ फेब्रु., गुरु.

व्हॅनला उशीर, म्हणून कचराकुंडीपाशी उभी होते. कुंडी भरलेली, भाजीची देठं, मखराचा थर्मोकोल, सगळं जागच्या जागी. म्हणजे गाडी आलेलीच नाही. निळा डोंगर मात्र गायब; मंगळवारी दिसला नाही तेव्हा गाडीनेच नेला असं मी धरून चालले होते. एकही कॅन नाही.

चौकीदाराला विचारलं. "नाले पार वाले ले गए, मैडम. उसी रात को. इतना अच्छा माल कौन छोड़ता है?"

भोकं पाडली नव्हती. यादवला वर्षानुवर्षं पढवत आले, आणि स्वतः समोर ढीग बघून जेवायला गेले. सोसायटीतल्या बायकांना घाबरवण्यात इतकी मजा आली की कॅन पुढे कुठे जातील हे डोक्यातच आलं नाही. नाल्यापलीकडे झोपड्या आहेत हे काय मला माहीत नव्हतं? खिडकीतून दिसतात.

परदेशी पार्टी आठवडाभर उशिराने आज आली होती. धुलाई बघून फार खूश. माझ्याशी हस्तांदोलन केलं. चोप्रासाहेबांनी ओळख करून दिली, हमारी शालिनीजी, इनके पास किए बिना एक डिब्बा गेट से नहीं निकलता.

९ फेब्रु., रवि.

दुपारी नाला ओलांडून गेले. पर्समध्ये जाड दाभण घेतलं होतं. कॅन शोधावे लागले नाहीत, प्रत्येक झोपडीपुढे एक, कुठे दोन. हँडपंपावर रांगेत पण तेच. नाल्याच्या अलीकडे पाहिलेली तीच रांग, फक्त शाली नव्हत्या.

पहिल्याच झोपडीत एक बाई कॅन उन्हात ठेवून बसली होती. माझ्याहून लहान असेल. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. आत दोन पोरी भांडत होत्या. इथे चोप्रासाहेबांना भ्यायचं कारण नव्हतं, म्हणून खरं ते सांगितलं. कीड़े मारने की दवा थी इसमें. ज़हर. ती म्हणाली, राख से रगड़के धोए हैं, दो दिन धूप दिखाए हैं, अब कुछ नहीं है. धुण्याने जात नाही म्हटलं. ती ऐकत होती, पण नुसती ऐकत होती. मोठ्या बिल्डिंगमधली बाई, टाकलेली वस्तू परत मागायला आलीय, एवढंच तिला दिसत होतं.

मग मी दुसरं काढलं. म्हटलं, हे कॅन मयताचे आहेत. माझ्या नवऱ्याला याच पाण्याने शेवटची आंघोळ घातली. मी विधवा आहे. अशुभ आहे हे, पोरी आहेत तुझ्या घरात.

ती हसली. वाईट नाही हसली.

"हम भी तो वही हैं, मैडम. हमारा अब क्या अशुभ होगा?"

दाभण पर्समध्ये होतं, काढायचा धीर झाला नाही. कॅन तिच्या गुडघ्याला टेकलेला होता. ती उठली, कॅन तिरका करून स्टीलच्या पेल्यात पाणी ओतलं आणि माझ्यापुढे धरलं. दूर से आई हो, पी लो. पेला घासून लख्ख होता. मी घेतला. तोंडापाशी नेला आणि तो वास आला, वाळ्याशिवायचा, साधा आमच्या शेडमधला. मी पाणी जमिनीवर ओतलं.

ती ओल्या मातीकडे बघत राहिली.

"हमारे हाथ का नहीं पीना था तो बोल देतीं. गिराया काहे? इतनी दूर से भरके लाते हैं."

मी नाही नाही म्हणत होते, तसं नाही, पाण्यात दोष आहे, तुझ्या हातात नाही. ती पेला घेऊन आत गेली, मग कॅनही ओढून आत नेला. आतल्या दोघींपैकी एकीने पाणी मागितलं, ते मला ऐकू आलं.

बाजारातून दोन नवे कॅन आणलेत, पांढरे, खाण्याच्या वस्तूंचे. पलंगाखाली ठेवलेत. उद्या फॅक्टरीत उशिरा जाईन, सकाळी पंपावर रांग लागायच्या आत तिच्याकडे पोचायला हवं. बदल्यात जुना देईल का, बाकीच्यांचं काय करायचं, काही कळत नाहीये. दार लावून घेईल म्हणावं तर तिथे दारही नाही, पोतं टांगलेलं आहे.